लाईटातली ड्यूटी

३ डिसेंबर, बुधवार. काम: पुढच्या आठवड्याचा ड्यूटी चार्ट.

त्या दिवशीच्या वहीत एवढंच लिहिलंय. बाकीचं मला लिहून ठेवावं लागलं नाही, लक्षात राहिलं.

शहर बसच्या डेपोत चार्ट लावायचं काम माझ्याकडं आहे. कोणत्या चालकाला कोणती गाडी, कोणती पाळी, कोणती फेरी, सोबत वाहक कोण, हे आधी वहीत पेन्सिलीनं मांडायचं, मग पेनानं पक्कं करायचं आणि शनिवारी दुपारी फळ्यावर खडूनं उतरवायचं. शाळेचं वेळापत्रक लावावं तसंच काम. फक्त इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना मिशा आहेत आणि प्रत्येकाकडं कारण आहे.

कारणं ऐकणं हेच खरं काम. एका वाहकाच्या सासऱ्याचं वर्षश्राद्ध माझ्या वहीत एकाच वर्षात दोनदा आहे. एकाची म्हैस दर खेपेला रविवारच्या दुसऱ्या पाळीलाच विते. म्हणून मी आधी संशय घेते, मग ऐकते. खडूस बाई म्हणतात, म्हणू देत. सकाळची पहिली गाडी सुटली नाही की नदीपलीकडच्या भाजीवाल्या पाट्या घेऊन स्टॉपवर ताटकळतात, एमआयडीसीत जाणाऱ्यांचा खाडा पडतो, कॉलेजची पोरं वडापच्या खाजगी जीपला मागं लोंबकळतात आणि हे सगळे मिळून डेपोला शिव्या घालतात. त्या वेळी डेपो म्हणजे मी.

त्या बुधवारी टेबलावर मामांचा अर्ज होता. तिसरा.

मामा म्हणजे आमचे जुने चालक. डेपोत सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. मुरगूडकडचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. तरुणपणी तालमीत घुमलेले असल्यानं मान अजून खांद्यातूनच सुरू होते. इतक्या वर्षांत एक अपघात नाही. अर्जात विषय होता: लाईट ड्यूटी मिळणेबाबत.

लाईट ड्यूटी म्हणजे हलकं काम. ज्याची कंबर गेली, ज्याच्या गुडघ्यात पाणी झालं, ज्याला डॉक्टरनं स्टिअरिंग धरायचं नाही म्हणून लिहून दिलं, त्याला आम्ही गेटवर खुर्ची टाकून बसवतो. जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीची वेळ त्यानं लिहायची. मामांच्या अर्जाला डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. दोनशे जोर मारून आल्यासारखा हा माणूस कामावर येत होता.

पहिला अर्ज दिवाळीनंतर आला होता. त्यात त्यांनी 'लाईटातली ड्यूटी मिळणेबाबत' असं लिहिलं होतं. अर्जात एखादा इंग्रजी शब्द घातला की अर्जाला वजन येतं, अशी आमच्याकडं सगळ्यांची समजूत आहे, मग तो शब्द वाकडा का पडेना. मी लाल पेनानं 'लाईटातली' खोडलं, वर 'लाईट' लिहिलं, अर्ज फाइलला लावला आणि मामांना तो शब्द दाखवून म्हटलं, पुढच्या वेळी नीट लिहा. पुढचे दोन अर्ज त्यांनी अगदी नीट लिहिले. तिन्हींवर माझा शेरा एकच: 'कारण दिसत नाही.' माझ्या शेऱ्याखाली साहेब सही करतात.

तिसऱ्या अर्जाला मात्र मी त्यांना समोर बोलावलं.

"मामा, दुखतंय काय?"

"कुठं काय? काय सुदिक दुखत न्हाय."

"मग लाईट ड्यूटी कशाला?"

"लाईट पायजे म्हणून."

"आणि गेटवर बसून करणार काय?"

"गेटवर कोण बसतंय? गाडी चालवणार की!"

"लाईट ड्यूटीवाल्याला गाडी मिळत नसते, मामा."

ते माझ्याकडं बघत राहिले. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि गेले. मला वाटलं, चोरी पकडली गेली.

चोरी कोणती, हे मला शेडमधल्या मिस्त्रीनं आधीच सांगून ठेवलं होतं. दिवाळीपासून मामांनी आपल्या दुसऱ्या पाळ्या, एक सोडली तर सगळ्या, कुणाबरोबर तरी बदलून घेतल्या होत्या. दुसरी पाळी दुपारी सुरू होते आणि अंधार पडल्यावर संपते. ती टाळायला ते लोकांच्या रविवारच्या पाळ्यासुद्धा अंगावर घेत.

"मॅडम, हंगाम सुरू झालाय," मिस्त्री म्हणाला. "कारखान्याला ऊस ओढायला ट्रॅक्टरवाल्यास्नी ड्रायव्हर मिळंना झाल्यात. आन् मामाच्या मेव्हण्याचं दोन ट्रॅक्टर हायत. आता म्या काय म्हणत न्हाय. तुम्हीच काय ते समजा."

एवढं बोलून त्यानं हातातलं वाळकं पाचट माझ्या टेबलावर ठेवलं. उसाचं पान, वीतभर. नोव्हेंबरात एका दिवशी मामांना पाळी बदलून मिळाली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी नेऊन आणलेल्या गाडीच्या डाव्या आरशाच्या दांड्यात हे अडकलं होतं. त्याच बाजूच्या पत्र्यावर हातभर ओरखडा. तक्रार वहीत मामांनी लिहिलं होतं, 'झाडाची फांदी लागली.'

उसाला फांदी नसते. मी पाचट पाकिटात घातलं आणि वर गाडीचा नंबर लिहिला. बसच्या आरशातल्या पाचटाचा मेव्हण्याच्या ट्रॅक्टरशी काय संबंध, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ऊस होता, मेव्हणा होता, खोटी नोंद होती. मला पुरेसं वाटलं.

मग मी चार्ट पक्का केला. मामांना आठवडाभर दुसरी पाळी. फेरी कारखान्याच्या रस्त्याची. पुढं लाल पेनानं: 'बदली चालणार नाही.' एक माणूस एका वेळी बस आणि ट्रॅक्टर दोन्ही चालवू शकत नाही. कुठंतरी तो सापडणार, असा माझा हिशोब होता.

शनिवारी फळा लिहून होतो न होतो तोच मामा खिडकीशी.

"मॅडम, आठवडाभर दुसरी?"

"हो."

"आन् ती बी कारखान्याच्या रस्त्याला?"

"का? तिकडं ओळखीचं कोण भेटतं काय?"

"समदं वळखीचंच हाय तिकडं." त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. "पहिली पाळी द्या. उजाडल्यावरची, सातनंतरची. रविवार बी करतो. सुट्टी बी सोडतो."

"संध्याकाळी काय काम असतं तुम्हाला?"

"मला काय काम? घरात बसून असतोय."

"मग घरात बसण्यापेक्षा गाडीत बसा."

मागच्या रांगेत हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "जावा मामा, सीट मऊ हाय गाडीचं!" मामा हसले नाहीत. मला मात्र आपण बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय असं वाटलं.

सोमवारी त्यांची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा परत आली. वहीत कारण: 'रस्त्यावर उसाच्या गाड्या.' मंगळवारी मी काम आटोपून घरी गेले नाही. तोंडाला स्कार्फ बांधला, गंगावेशीच्या पुढच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले आणि साडेसहाला मामांच्या गाडीत मागच्या दारानं चढून शेवटच्या सीटवर बसले. सोबत वाहक होती मलकापूरकडची, दहा वर्षं नोकरी झालेली, दोन मुलांची आई. तिच्याबद्दल माझ्या वहीत काही वाईट नव्हतं, आणि तेही मला त्या दिवशी खटकत होतं.

शहरातून गाडी सरळ गेली. थांबे बरोबर, वेळ बरोबर. दुकानांचा, खांबांचा उजेड होता. पूल ओलांडला, रस्त्यावरचे दिवे संपले आणि वाहक तिकीट फाडायचं सोडून पुढं जाऊन चालकाशेजारच्या दांडीला धरून उभी राहिली. नवे चढलेले लोकही बिनतिकिटाचे गप्प बसून राहिले. रोजचंच असल्यासारखे. मी घड्याळात वेळ बघून ठेवली.

मग तिचं बोलणं ऐकू आलं.

"डावीकडं ट्रॉली हाय... दोन हायत एकाला एक... गेली. सायकलवाला, डाव्या अंगाला... हां. समोरनं ट्रक येतोय, हळू घ्या, हळू... आता मोकळं."

मला आधी वाटलं, मला ओळखलं आणि ही खुणेची भाषा चाललीय. शेजारी दुधाची रिकामी किटली मांडीवर घेऊन एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, "ही काय बोलते हो?"

"मामास्नी वाट सांगतीया."

"वाट माहीत नाही होय त्यांना?"

"वाट म्हाईत हाय की, बाई. वाटंवर काय हाय त्ये म्हाईत न्हाय." आजोबा हसले. "कालपास्नं ह्योच कार्यक्रम हाय. रेडिओगत."

मी उठून उभी राहिले. कारखान्याच्या अलीकडं रस्ता उजवीकडं वळतो. वळणावर समोरून ट्रकचे दिवे आले. नेमकं त्याच वेळी पुढच्या सीटवरच्या बाईनं वाहकाचा हात ओढून काहीतरी विचारलं आणि ती मागं वळली. ट्रकच्या उजेडात मला डाव्या बाजूला उसाचे शेंडे दिसले. ट्रॉली रस्त्यात उभी होती. दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही. गाडीचा वेग कमी होत नव्हता.

"मामा, ब्रेक!" मी ओरडले.

ब्रेक लागला. आजोबांची किटली घरंगळत पुढच्या दारापर्यंत गेली. बस थांबली तेव्हा उसाचे शेंडे पुढच्या काचेला टेकले होते. ट्रॉलीखालून एक माणूस हातात पाना घेऊन बाहेर आला. तो खाली पडून चाक काढत होता. बसच्या उजेडात उभा राहून त्यानं आधी ट्रॉली बघितली, मग बस बघितली.

"ओ पावणं! डोळं काय घरात ठिवून आलायसा?"

बसमधलं कुणी हसलं नाही. मामा स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. मागं न बघता म्हणाले, "मॅडम हायत न्हवं मागं? आवाज तुमचाच हाय."

मी स्कार्फ सोडून पुढं गेले. "मामा, ट्रक येत होता तेव्हा काय दिसत होतं?"

"ट्रकाचा लाईट."

"आणि?"

"त्येच्या भवतीनं समदं पांढरं. लाईट गेला की समदं काळं. त्यात काय असंल त्ये असंल."

"किल्ली द्या."

त्यांनी लगेच दिली. डेपोला फोन करून मी दुसरा चालक मागवला. माणसं कुरकुरली. काही चालत पुढं गेली, काही मागून आलेल्या जीपमध्ये कोंबली गेली, आजोबा किटली शोधून खाली उतरले. वाहक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी सांगणार हुतो मॅडम तुमास्नी." आमच्याकडच्या बऱ्याच बायका आपल्याबद्दल असंच पुरुषागत बोलतात.

"कधी?"

"काल रात्री झोपलो न्हाय मी. सांगितलं तर मामाची नोकरी, न्हाय सांगितलं तर..." तिनं ट्रॉलीकडं बघितलं.

"न्हाय सांगितलं तर काय, ते बघितलंस ना?"

ती खाली मान घालून तिकिटाची पेटी आवळू लागली. मी पुढं बोलणार होते, पण मामांबरोबर आठवडाभर तिला लावलं कुणी, हे आठवलं.

मामा खाली उतरून पुढच्या दाराच्या पायरीवर बसले होते. मी समोर उभी राहिले.

"तीन अर्ज केले तुम्ही. एकातही हे का नाही लिहिलं?"

"पहिल्यात लिवलं हुतं की."

"काय लिहिलं होतं?"

"लाईटातली ड्यूटी. म्हंजे उजेडातली. तुम्हीच लाल पेनानं खोडलासा. मला वाटलं, हापिसात आसंच म्हणत आसतील."

तो कागद मला डोळ्यांपुढं दिसत होता, खोडलेल्या शब्दावरची माझी तिरपी रेघसुद्धा.

"तोंडानं सांगायचं, मामा."

"तोंडानं सांगितलं आसतं तर गाडी काढून घेतली आसती तुम्ही."

"घेतलीच असती."

"मग?"

"आणि ते पाचट? झाडाची फांदी?"

"अशीच ट्रॉली. नुसती चाटून गेली. त्या दिवशी पक्कं समजलं मला. दिवसाचं चांगलं दिसतंय, मॅडम. खोटं न्हाय. वर्षाच्या तपासणीत शेवटची वळ सुदिक वाचून दाखवली."

तेही खरंच होतं. तपासणी सकाळी दहाला होते, खिडकीशी बसवून.

"डॉक्टरला दाखवलं?"

"थोरल्या भावाला आसंच झालतं. ऑपरेशन केलं आन् डोळा गेला त्येचा. माझं निम्मं चांगलं हाय. त्ये बी घालवू काय? ड्रायव्हर म्हणून लागलो, ड्रायव्हर म्हणूनच रिटायर व्हायचं हाय मला. खुर्चीवर बसून गाड्या मोजायच्या न्हाईत."

ऐकून मला वाईट वाटलं असेल, पण संशय गेला नव्हता. दिवाळीपासून खोटं निभावलेला माणूस आज खरंच बोलतोय कशावरून? ट्रॅक्टरची गोष्ट झाकायला डोळ्यांची गोष्ट पुढं केली असेल तर? तेवढ्यात डेपोची जीप नव्या चालकाला घेऊन आली. मी जीपच्या दिव्यांपुढं जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.

"मामा, किती बोटं?"

ते पायरीवरून उठले. डोळ्यांवर हात धरला. मान एकदा इकडं, एकदा तिकडं.

"बोटं ऱ्हाऊ द्या, मॅडम. तुम्ही कुठं हायसा त्ये सांगा."

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते.

ट्रॉलीवाल्याचं चाक अजून निघालं नव्हतं. तो पुन्हा खाली शिरला होता आणि त्याचे पाय रस्त्यावर बाहेर आले होते. त्या पायांवर ही बस मी पाठवली होती, चार्टावर, लाल पेनानं, बदली चालणार नाही म्हणून. जीपमधून आम्ही डेपोत आलो. उतरताना मामांना एवढंच सांगितलं, "सकाळी आठला या. गणवेश घालू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी टेबलाशी होते. झालेलं सगळं एका कागदावर लिहिलं. वाहकाचं गाळावं का, यावर चहा येईपर्यंत विचार केला. गाळलं नाही. दोन दिवस ती गप्प होती आणि दोन दिवस तिच्यामुळंच गाडी रस्त्यावर राहिली, दोन्ही लिहिलं. मग फाइलमधून मामांचा पहिला अर्ज काढला आणि सगळ्यात वर लावला. साहेबांनी वाचलं आणि तो अर्ज बोटानं बाजूला सारला.

"हा कशाला जोडता? यावर तुमचाच शेरा आहे."

"म्हणूनच जोडलाय."

"तुमच्यावर येईल."

"येऊ दे. मीच लिहिलाय."

फळ्यावर दुसऱ्या पाळीतलं मामांचं नाव मी पुसलं, तिथं दुसरा चालक लावला आणि खाली मामांच्या नावापुढं लिहिलं: लाईट ड्यूटी. यावेळी कारण दिसत होतं.

आठला मामा आले, पांढरा शर्ट आणि डोक्यावर टोपी. दारात फळा वाचून थांबले. "गेट?" म्हणाले.

"डॉक्टर सांगेपर्यंत गेट. आधी दवाखाना. चला."

"तुम्ही कशाला येतासा? मी जातो की एकटा."

"तुम्ही मधल्या स्टॉपवर उतरून घरी जाल."

त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. म्हणजे विचार तोच होता.

सरकारी दवाखान्याकडं जाणाऱ्या आमच्याच गाडीत आम्ही बसलो. तिकिटं मी काढली. मामा चालकाच्या मागच्या सीटवर, मी शेजारी. गाडी सुटली आणि त्यांचा उजवा पाय हलायला लागला. चौक आला की पाय खाली दाबायचा, गर्दी सुटली की वर. पहिले दोन चौक मी बघून न बघितल्यासारखं केलं.

"मामा, पाय मागं घ्या. गाडी तुमची नाही."

"व्हय, पर ह्यो ब्रेक उशिरा मारतोय."

मी मान बाजूला करून पुढं बघितलं. पुढच्या सिग्नलला लक्ष ठेवलं, त्याच्या पुढच्यालाही. खरंच उशिरा मारत होता. मी पर्समधून वही काढली आणि त्या चालकाचा बिल्ला नंबर लिहून घेतला.